अर्ध्या मालाची गाडी

त्या जातीच्या पिकअपचं इंजिन गरम होतं, हे वणीपासून पांढरकवड्यापर्यंत शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. कंपनीचं नाव मी घेत नाही. ज्यांनी गाडी घेतली ते रोज सकाळी सेल्फ मारताना घेतात, पुढे एखादी शिवी जोडून, तेवढं पुरे. रस्त्याच्या कडेला बोनेट उघडं टाकून, हातात पाण्याची कॅन घेऊन उभा असलेला माणूस दिसला, की एसटीतले लोक गाडीकडे न बघताच मॉडेल सांगतात. आणि हे सगळं माहीत असताना, मार्चच्या तोंडावर, पुंडलिकरावांच्या घरानं तीच गाडी घ्यायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे कसं, तेही सांगतो. पैसे सुनेचे, अर्पिताचे. आरसीवर नाव मुलाचं, अमरचं. पसंती पुंडलिकरावांची. आणि नापसंती वच्छलाबाईंची. ती कोणी विचारली नव्हती, तरी सकाळ-संध्याकाळ मिळत होती. मी यज्ञेश्वर. तहसिलीत उभी हयात टेबलामागं गेली, आता निवृत्त आहे. अर्पिताच्या बचत गटाची बिलं मी लिहून देतो आणि त्या बदल्यात माझ्या घरी तुरीची डाळ येते. म्हणजे माझाही जीव त्या गाडीत होता. फार नाही, वाटीभर.

केळापूरच्या अलीकडे यांचं गाव. तिथं अर्पितानं बायका गोळा करून एक छोटी डाळ मिल टाकली होती. तूर गावचीच, डाळ चांगली, बिनापॉलिशची. झरीकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाला ती दर शनिवारी जायची. त्या एका गिऱ्हाइकाच्या जोरावर मिलची मोटर फिरत होती. बाकीची विक्री ओळखीपाळखीतली, म्हणजे किलोभर घेऊन वर मूठभर मागणारी.

पण डाळ पोचवायची कोणी? भाड्याचा टेम्पोवाला सकाळी येतो म्हणायचा आणि दुपारी उगवायचा. फोन केला की एकच उत्तर, "निघालोच." अर्पिता त्याच्याशी भांडून भांडून थकली होती, भांडायला तरी माणूस आधी समोर यावा लागतो. दोन शनिवार डाळ उशिरा पोचली. वसतिगृहाच्या अधीक्षकबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आमचा कोठीवाला शनिवारी बाराला कुलूप लावून गावी जातो. येत्या शनिवारी डाळ बाराच्या आत उतरली नाही, तर मी वणीच्या व्यापाऱ्याला सांगते. मला पोरांना जेवू घालायचं आहे." यात चूक काढायला जागाच नव्हती. जिथं चूक काढता येत नाही, तिथं माणूस जास्त थकतो.

मग गाडी. नवी घ्यायची ऐपत नाही. जुनी चांगली मिळते, पण तिचाही भाव नव्यासारखाच. उरली ही, निम्म्या भावात.

"भाड्याची येत नाही म्हून घरची घेता, अन् घरची चालणार नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "आतापरेंत दुसऱ्याच्या नावानं बोंबलत होतो, आता सोताच्या नावानं बोंबलू."

"आई, पाह्यल्याशिवाय घेणार नाही नं," अर्पिता म्हणाली.

"पाह्यल्यावर तं घेऊच नये तशी गाडी."

"तू चूप राह्य," पुंडलिकराव म्हणाले. "बैल पाहून पाहून केस पिकले माहे. गाडी म्हंजे काय, चार चाकाचं जनावरच."

वच्छलाबाईंनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथं पिकायला फार काही उरलेलं नव्हतं.

गाडी होती प्रेमसिंगची, वणीच्या रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यात. आम्ही चौघं गेलो: पुंडलिकराव, अमर, अर्पिता आणि कागद वाचायला मी. पुंडलिकराव आणि प्रेमसिंग यांची ओळख बैलबाजारातली. आणि त्या बाजाराची एक रीत दोघांनाही पाठ होती. विकणाऱ्यानं जनावराची खोड चारचौघांत आपणहून सांगायची. मारकुटं आहे, चिखलात बसतं, जे असेल ते. घेणाऱ्यानं ऐकून मोठ्यानं म्हणायचं, "खोडीसंग घेतला." एवढं झालं की दावं हातात. मग जनावर परत आणणं नाही, कुरकुर नाही, गावात बोलणंही नाही.

प्रेमसिंगनं आम्हाला लिंबाखाली बाजेवर बसवलं आणि पाणी यायच्या आधीच सुरू केलं. "पुंडलिकभाऊ, खोड सांगतो. गरम होते. हेड दोन खेप उतरवलं. भरून चढावर नेली का काटा लालमंदी जाते, मंग थांबाच लागते. केबिनच्या एका खिडकीची काच वर होत नाही. बाकी गाडी चांगली आहे."

पुंडलिकरावांनी मान हलवली, चहा घेतला आणि आम्हाला घेऊन गोठ्याच्या आडोशाला गेले. तिथं ते हळूच म्हणाले, "पाह्य अमर, हा माणूस एवढी मोठी खोड आपल्या तोंडानं सांगून राह्यला. म्हंजे यापेक्षा मोठी लपवून राह्यला."

"मलेबी तसंच वाटते बाबा."

मलाही तसंच वाटलं. सरकारी नोकरीत कोणी आपणहून खरं सांगितलं, की आम्ही फाइल पुन्हा पहिल्या पानापासून काढत असू.

मग आम्ही दुसरी खोड शोधायला लागलो. अमर गाडीखाली गेला. चेसिसला कुठे वेल्डिंग आहे का, हे मोबाइलच्या उजेडात बघून आला. मी आरसी, विमा, फिटनेस, पासिंग, सगळं चाळलं, चेसिसचा नंबर अक्षरन्‌अक्षर जुळवला, फोनवर चलान तपासले. पुंडलिकरावांनी चाकांना लाथा मारून पाहिल्या, बोनेटवरून वशिंडावरून फिरवावा तसा हात फिरवला आणि शेजारच्या घरी जाऊन, तंबाखू मागायच्या निमित्तानं, गाडीनं कोणाला उडवलं वगैरे होतं का, ते विचारून आले. नव्हतं. प्रेमसिंगची म्हातारी आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. पुंडलिकरावांनी तिचाही चेहरा वाचून पाहिला.

"म्हातारी खूश दिसून राह्यली," ते माझ्या कानात म्हणाले. "गाडी चालली म्हून खूश आहे."

"तिचे दात पडलेत पुंडलिकराव. तोंड तसंच दिसतं."

तासभर शोधूनही काही सापडलं नाही. आणि मग जे झालं, त्याचं मला आजही हसू येतं आणि हसून झालं की थकवा येतो. आम्ही तिघं एकदम आनंदलो. कागद साफ, चेसिस सरळ, टायर बरे, चलान नाही. फक्त इंजिनच तेवढं खराब! जणू बाकीची गाडी इंजिनाशिवाय चालणार होती.

इंजिनाबद्दल विचारलं ते एकट्या अर्पितानं. ती इतका वेळ गाडीच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागात, चढून उभी होती. "भाऊ, किती माल टाकला का गरम होते?"

प्रेमसिंग उठून तिथं गेला. "पोत्या-कट्ट्याचा एक थर टाका, बाई. खाली, सपाट, एकच थर. कोण्याबी चढावर जाईन. दुसरा थर लावला का गेली."

"माही डाळ एका थराचीच आहे."

"मंग ही गाडी तुमच्यासाठीच आहे."

"तं तुम्ही काहून विकता?"

प्रेमसिंगनं तांड्याकडे हात केला. "एक थर राहू कोण देते बाई? कोणाचं पोतं, कोणाची बकरी, कोणाचा पाहुणा. गाडी पुऱ्या तांड्याची, डिझल माहं. नाही म्हणता येत नाही. अन् म्हणून तरी राह्यचं कुठी?"

हे अर्पितानं ऐकलं. आम्ही तिघांनीही ऐकलं असणार, कारण आम्ही तिथंच होतो. पण आमचं लक्ष नव्हतं. पुंडलिकराव ओट्यासमोर उभे राहिले आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "खोडीसंग घेतली!" याडीनं बोनेटला हळदकुंकू लावलं. गाडी घरी आली; येताना रिकामी होती, काटा जागचा हलला नाही. अमर म्हणाला, "उगाच बदनाम करतात लोकं."

शनिवारी सकाळी डाळीचे कट्टे भरले. अर्पितानं स्वतः उभं राहून एकच थर लावून घेतला आणि फाळका बंद केला. पुंडलिकराव डाल्यात डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला. घरची गाडी, पहिला माल, आणि वर एवढी मोकळी जागा! पंगतीत बोलावून अर्ध्या ताटावरून उठवल्यासारखं त्यांना झालं.

"ढोराच्या चुन्नीचं एखादं पोतं टाक नं. मुकुटबनले विकता येईन."

"मामाजी, थर एकच सांगतला आहे," अर्पिता म्हणाली. सासऱ्याला ती मामाजी म्हणायची, आमच्याकडे म्हणतात तसं, आणि त्यांच्याकडे न बघता बोलायची.

"सांगतला आहे नं. मी कुठी नाही म्हणतो? बसा."

बसलो. आता बसण्याचा हिशेब बघा. डाळ पोचवायला दोन माणसं पुरेत: एक चालवणारा, एक पैशाचं बघणारी. मी बिल द्यायला, म्हणजे जे कागद खिशातून जाऊ शकले असते त्यांच्याबरोबर आख्खा मी. आणि पुंडलिकराव कशाला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. तिघांच्या सीटवर आम्ही चौघं. सुनेनं सासऱ्याला खेटून बसायचं नाही, म्हणून अमरजवळ पुंडलिकराव, मग मी, आणि खिडकीशी अर्पिता. गिअर टाकताना अमरला दर वेळी बापाचा गुडघा बाजूला करावा लागत होता.

वच्छलाबाईंनी गाडीवरून लिंबू उतरवून चाकाखाली ठेवलं. "पाणी घेतलं का गाडीचं?"

"दोन कॅन घेतल्या, आई."

"आपल्यासाठी?"

ते राहिलं होतं.

आमच्या भागात रस्त्यावर कोणी हात दाखवला, की गाडी थांबते. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण जे कायदे लिहिलेले आहेत त्यांच्यापेक्षा हा जास्त पाळला जातो. एसटी दिवसातून कधीतरी येते. येईलच असं नाही. तेव्हा गाडीवाल्यानं थांबायचं. जो थांबत नाही त्याचं नाव चहाच्या टपरीपासून मुलीच्या सोयरिकीपर्यंत निघतं. गाव सुटलं आणि पहिलाच हात दिसला तो उकंडाचा. उकंडा पुंडलिकरावांच्या धुऱ्याला लागून वावर असलेला, लहानपणापासूनचा. जवळ हरभऱ्याचे तीन कट्टे आणि एक बकरी.

अमरचा पाय ब्रेकवर गेला. अर्पिता म्हणाली, "अहो, थर—"

"उकंडा आहे तो," पुंडलिकराव म्हणाले. त्यांच्या मते हे उत्तर होतं.

उकंडानं कट्टे डाळीवर टाकले, बकरी चढवली, वर बसला आणि मागच्या जाळीतून केबिनमध्ये तोंड घातलं. "गाडी घेतली म्हणे पुंडलिक! पण ही कायले घेतली? हिचं तं इंजिन गरम होते."

"माहीत आहे मले."

"मले विचारायचं नं."

पुढच्या फाट्यावर पाच बाया उभ्या होत्या. कुठल्याशा साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालेल्या, नव्या लुगड्यांत, मिठाईचे डबे आणि एक पितळी घागर घेऊन. शुभकार्याला निघालेल्या बायांना उन्हात सोडून जायचं? पुंडलिकरावांनी विचारलंसुद्धा नाही, फक्त हातानं थांबायची खूण केली. अर्पितानं घड्याळ पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. सासऱ्याला तोंडावर अडवता येत नव्हतं, म्हणून ती नवऱ्याशी बोलली, आणि ते सासऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"बाराले कुलूप लागते म्हटलं."

"भल्ला टाइम आहे," अमर म्हणाला.

"टाइमचं नाही. चढाचं म्हणून राह्यली."

"बाया हलक्या असतात," पुंडलिकराव समोर बघत म्हणाले. मागं चढलेल्या पाचांपैकी एकीनंही हे ऐकलं असतं तर साक्षगंध तिथंच मोडलं असतं.

आणि जंगल लागायच्या आधी राजकुमार. शेजारच्या गावच्या सरपंचाचा भाऊ. त्याची मोटारसायकल पंक्चर झाली होती. त्यानं हातही दाखवला नाही. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मोटारसायकल वर चढवायला उकंडा आणि अमर लागले. बाया सरकल्या, बकरी ओरडली, घागर कोणाच्या तरी मांडीवर गेली. राजकुमार चढून मोटारसायकलवरच बसला, म्हणजे चालत्या गाडीत गाडीवर.

अर्पिता पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. माझी नजर काट्यावर होती. आयुष्यभर मी आकडे वर चढताना पाहिले, पण ते वर्षाअखेरीस चढायचे. हा दर वळणाला चढत होता.

चढ सुरू झाला. अमरनं दुसरा गिअर टाकला, मग पहिला. काटा लालच्या कडेला गेला, तिथं क्षणभर थांबला, जणू कोणी त्याला नाही म्हणेल का याची वाट बघत होता, आणि आत शिरला. बोनेटच्या फटींतून वाफ निघाली. अमरनं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मागून साक्षगंधाच्या बायांपैकी एक म्हणाली, "आली का तुमच्या गाडीची थांबायची जागा?"

सगळे उतरले. पळसाखाली उभे राहिले. उन्हात सावली शोधून माणूस उभा राहिला, की त्याला बोलायला सुचतं.

"ही गाडी घेतलीच कायले म्हणतो मी," राजकुमार म्हणाला. "सगळ्याले माहीत आहे हिचं."

"मी तं म्हटलंच पुंडलिकले."

"आमच्या जेठानं घेतलती अशीच. मंग विकली बाप्पा," एक बाई म्हणाली.

"एवढं ओझं घेऊन कोणी चढ चढते का? डोकं पाह्यजे गाडीवाल्याले," उकंडा म्हणाला, आणि आपल्या हरभऱ्यावर बसला.

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत खोडीसंग घेतलेल्या जनावराबद्दल बोलायचं नसतं. ते रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तर अमरनं हात धरला, "बाबा, थंडी होऊ द्या. वाफ तोंडावर येईन." मग तेही कडेला उकिडवे बसले.

थोड्या वेळानं खालून दुसरी एक पिकअप आली, बांबू घेऊन. पाचही बाया, राजकुमार, उकंडा, सगळ्यांनी एकदम हात दाखवले. अर्थात ती थांबली. रीत म्हणजे रीत. बांबूंवर आधी बाया चढल्या, मग घागर, मग बकरी. हरभऱ्याचे तीन कट्टे दोघांनी मिळून टाकले. मोटारसायकल बांबूंना दोरीनं आवळली. अर्पिता पुढे झाली.

"दादा, माही डाळ बाराच्या आत पोचायची आहे. थोडेसे कट्टे तरी—"

ड्रायव्हरनं मागं बघितलं. बोट ठेवायला जागा नव्हती. उकंडानं वरून समजूत घातली, "अवं पोरी, डाळ काय नासते का? तुमची गाडी आहे नं घरची, थंडी झाली का येजा आरामात."

बांबूंची गाडी गेली. जाताना एका बाईनं आमच्यासाठी मिठाईच्या डब्यातला एक पेढा काढून दिला. चौघांत एक. तो अमरनं खाल्ला.

आता रस्त्यावर आम्ही चौघं, डाळीचा एक थर, आणि आतून टिकटिक वाजणारं इंजिन. दहा केव्हाच वाजून गेले होते. कोणी कोणाला दोष देत नव्हतं. त्यालाही अंगात जीव असावा लागतो. मी पुंडलिकरावांना म्हटलं, "बैलाला असं होतं तेव्हा काय करतात?"

"जू सोडतात," ते म्हणाले. "अन् वाट पाह्यतात."

म्हणून वाट पाहिली. अर्पिता अधूनमधून उठून बोनेटवर हात ठेवून यायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पिण्याचं पाणी नव्हतं आणि गाडीचं दोन कॅन होतं. त्याला हात लावायचा नाही असं तिनं अमरला बजावलं. मग ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदा थेट सासऱ्याकडे बघून बोलली.

"मामाजी, आता कोणी हात दाखवला तं थांबायचं नाही."

"अन् वळखीचं असलं तं?"

"कोणीबी असो."

पुंडलिकराव बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. "अमर पोटात होता तेव्हा," ते म्हणाले, "याची माय रस्त्यावर अडली होती. भर पावसात. कोणाचा तरी ट्रॅक्टर थांबला. कुठचा, कोणाचा, अजून माहीत नाही. त्यातबी त्याचा माल होता."

"ठावं आहे मले. आई सांगतात."

"तो म्हणला असता, थर एकच आहे, तं?"

ती म्हणाली, "अडलेलं माणूस असलं तं थांबू. हरभऱ्यासाठी नाही थांबायचं." आणि पाण्याची कॅन उचलून गाडीकडे गेली.

झाकण फडक्यानं धरून हळूहळू उघडलं. पाणी ओतलं, ते आत गटगट गेलं. दुसऱ्या कॅनमधलंही निम्मं गेलं. अमरनं सेल्फ मारला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही पुन्हा तसेच बसलो, पुंडलिकरावांनी गुडघा आधीच आवळून घेतला, आणि गाडी चढाला लागली.

आणि चढली. फार काही न करता, कुरकुर न करता, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, पण चढली. काटा मधल्या रेघेच्या थोडा वर जाऊन बसला आणि बसून राहिला. प्रेमसिंगनं सांगितलं होतं तेवढंच आणि तसंच. त्या माणसावर आम्ही तासभर फुकट संशय घेतला, हे केबिनमधल्या तिघा पुरुषांच्या एकाच वेळी लक्षात आलं असावं. कारण कोणी एकमेकांकडे बघितलं नाही.

"किती वाजले?" अमरनं विचारलं.

"अकरा गेले," अर्पिता म्हणाली. "असाच चाल."

माथ्यावरून रस्ता सपाट झाला. वसतिगृह आता तीन-चार गावं पुढे. एका फाट्यावर मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा आणि एक म्हातारी बसलेले दिसले, बाजूला गव्हाची चार पोती. गाडीचा आवाज ऐकून म्हातारा उठला, डोळ्यांवर हात धरला, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. त्यानं केबिनमधली माणसं ओळखली होती. त्यानं हात वर केला. थांबवायला करतात तसा नाही, आपली गाडी आली की करतात तसा.

"अरे, अर्पिताचे मोठेबाबा!" पुंडलिकराव म्हणाले.

मोठेबाबा म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. तिच्या लग्नात मांडवात सगळ्यात जास्त धावले होते ते. मी स्वतः पाहिलं होतं, वरातीच्या चपला सांभाळायलाही तेच बसले होते.

अमरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला. गाडी हळू झाली.

"चाल," अर्पिता म्हणाली.

"अवं, मोठेबाबा आहे—"

"दिसले मले. बाजाराले चालले ते. चाल."

"पोरी, माणसं तरी घेऊ," पुंडलिकराव म्हणाले. "पोती राहू दे."

"ते पोती सोडून येतीन का मामाजी? तुम्ही आले असते का?"

पुंडलिकरावांनी समोर काचेकडे बघितलं. मग अमरच्या गुडघ्यावर थोपटलं. अमरनं पाय पुन्हा दाबला.

ज्या बाजूला ते उभे होते ती बाजू अर्पिताच्या खिडकीची होती, आणि त्याच खिडकीची काच वर होत नव्हती. गाडी त्यांच्या इतक्या जवळून गेली, की मला म्हाताऱ्याच्या बनियनवरची शिलाई दिसली. अर्पितानं तोंड फिरवलं नाही. ती त्यांच्याकडे बघत होती आणि ते तिच्याकडे. त्यांचा हात वरच राहिला होता. म्हातारी उठून पोत्याचं तोंड धरून उभी होती, चढवायच्या तयारीत.

थोडं पुढं गेल्यावर तिच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. तिनं नाव बघितलं, फोन उलटा केला आणि वाजू दिला.

वसतिगृहाच्या आवारात गाडी वळली तेव्हा कोठीवाला हातात किल्ल्या घेऊन पायरीवर बसला होता. चप्पल घातलेली, पिशवी भरलेली. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि नाइलाजानं उठून कुलूप पुन्हा काढलं. गाडी पुरती थांबायच्या आत अर्पिता उतरली होती. फाळका पडला, अमरनं पहिला कट्टा खांद्यावर घेतला.

केबिनमध्ये मी आणि पुंडलिकराव उरलो, आणि सीटवरचा फोन. तो परत वाजायला लागला.

"उचला नं भाऊ," पुंडलिकराव म्हणाले.

"मी? आणि काय सांगू?"

त्यांनी विचार केला. सकाळपासून त्यांना एवढा विचार करताना मी पाहिलं नव्हतं. "सांगा, ब्रेक लागले नाही म्हणा."

मी फोन हातात घेतला. तेवढ्यात अर्पिता खिडकीशी आली, डाळीच्या पिठानं हात पांढरे झालेले. तिनं माझ्या हातातून तो काढून घेतला.

"काकाजी, राहू द्या. संध्याकाळी मीच करीन त्यायले." फोन अजून वाजत होता. "सांगीन, पाह्यलं तुमाले, अन् नाही थांबलो."

"अन् मंग?" पुंडलिकराव म्हणाले.

"मंग काय. बोलतीन." तिनं फोन कमरेला खोचला. "तुम्ही दोघं उतरा जरा. मोकळे बसले तं कट्टे मोजून घ्या, कोठीवाल्याले घरी जायचं आहे."